रूथबाईंची हजेरी

तारीख सोळा जानेवारी १९७२, रविवार. रक्कम नऊशे रुपये, दहा-दहाच्या नोटांत. हजर: रूथबाई लोंढे, त्यांचा भाचा डेव्हिड, मी, आणि उंबऱ्याच्या बाहेर उभा असलेला इस्माईल. जागा नगरला भिंगारच्या रस्त्याला असलेलं बाईंचं दोन खोल्यांचं घर. चर्च सुटून बाई नुकत्याच आल्या होत्या आणि त्यांच्या अंगावर अजून रविवारचं पांढरं पातळ होतं.

इस्माईल त्या दारात दोन वर्षांनी उभा राहिला होता, आणि तो कशाने आला हे सांगायचं तर बाईंच्या एका सवयीपासून सुरुवात करावी लागेल. बाई हजेरी घेत असत. मुलींच्या शाळेत त्यांनी उभी हयात शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावरही ती सवय त्यांनी सोडली नाही. रविवारी त्यांच्या घरी आमची तालीम असे. वाद्यं हातात घेण्याआधी बाई पायपेटीपाशी बसून, समोर काही कागद नसताना, नावं पुकारत. इस्माईल, डेव्हिड, मधुकर. त्यातला मधुकर मी. आम्ही पंचविशी ओलांडलेले बाप्ये. माझ्या तर लग्नाचं चाललं होतं. तरी "हजर, बाई" म्हटल्याशिवाय सुटका नसे. डेव्हिडच्या त्या सख्ख्या आत्या. आईबाप गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलं. पण तोही चुकून "हजर, आत्या" म्हणाला तर त्या म्हणत, "पेटीपाशी आत्या नाही. बाई."

आमचा एक बीट ग्रुप होता. पुण्या-मुंबईत ज्याला रॉक बँड म्हणत, तसला. नाव 'लँटर्न्स'; गावात आम्हाला कंदीलवाले म्हणत. डेव्हिड गिटार वाजवायचा आणि गायचा. इस्माईलच्या घरी लग्नाचा बँड होता, त्यामुळे ड्रम त्याच्या हातात लहानपणापासून. मी पुणतांब्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. शिक्षणासाठी नगरला आलो, पतपेढीत कारकून म्हणून चिकटलो आणि बाईंच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहू लागलो. भिंतीपलीकडून आवाज येई म्हणून एकदा तक्रार करायला गेलो. बाईंनी चहा दिला आणि जाड तारांची बास गिटार माझ्या मांडीवर ठेवली. "आकडेमोड करतोस ना? मग चारपर्यंत मोजता येत असेल," एवढंच म्हणाल्या.

बाई ग्रुपमध्ये नव्हत्या, म्हणजे कार्यक्रमात नसत. तालमीला मात्र त्या पायपेटीवर सूर धरून बसत. ती पायपेटी चर्चमधून आलेली. डेव्हिड-इस्माईल शाळेत असताना तिथे नवी घेतली, तेव्हा ही बाईंनी मागून घेतली. वर्षानुवर्षं त्यांनीच ती वाजवली होती. विजेच्या गिटारीचा मोठा आवाज त्यांना मुळीच आवडत नसे. आमच्या अँप्लिफायरला त्या कपाट म्हणत. आवाज फार झाला की हात न थांबवता म्हणत, "ते तुमचं कपाट भिंतीकडे तोंड करून उभं करा." आणि आम्ही खरोखर ते वळवून ठेवत असू, वर्गातल्या दांडगट पोरासारखं.

चुकलं की त्यांचा एक शब्द ठरलेला: "पुन्हा. माणसासारखं." माझ्याविषयी त्यांचं मत त्यांनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं. "मधुकर, तू चुकत नाहीस. पण तू आहेस हेही कळत नाही." मला ते लागलं. पतपेढीत माझ्या हिशेबात पैची चूक निघत नाही याचा मला अभिमान होता, आणि इथे तेवढ्याने भागत नव्हतं.

एकदा माझे वडील राहात्याचे पेरू घेऊन आले आणि तालीम ऐकत खाटेवर बसले. शेवटी बाईंना म्हणाले, "पेटी ब्येस हाय, बाई. पर त्यो बाकीचा गोंधूळ कशापायी?" बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. पुढे महिनाभर आमचं नाव लँटर्न्स जाऊन 'बाकीचा गोंधूळ' झालं.

१९६९ च्या शेवटी आम्ही मुंबईत एक लहान रेकॉर्ड केली. इंग्रजी गाणी, परक्या चालींची, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक. स्टुडिओत काहीतरी बिघडलं. गाणं मध्येच पळायचं, मध्येच रखडायचं. डेव्हिड म्हणे इस्माईल मागे राहतो. इस्माईल म्हणे डेव्हिड पुढे पळतो. कार्यक्रमात टाळ्या-शिट्ट्यांत असलं काही खपून जाई. तबकडीत ते उघडं पडलं. कशीबशी रेकॉर्ड निघाली, कोणी घेतली नाही. त्यात मधल्या लेबलवर कंपनीने छापलं 'डेव्हिड आणि साथीदार'. इस्माईलने ते वाचलं, तबकडी परत पाकिटात घातली आणि म्हणाला, "साथीदार म्हंजी कोन? ज्याला नाव न्हाई त्यो." डेव्हिडने, मी तर छापलं नाही, असं म्हणण्याऐवजी, ताल धरता आला असता तर नाव आलं असतं, असं म्हटलं. त्यानंतर दोघं एकाच गल्लीत राहून दोन वर्षं बोलले नाहीत. डेव्हिडने गाणं सोडलं. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये नोकरी धरली. गिटारीला खोळ चढली.

बाईंनी रविवारची हजेरी मात्र थांबवली नाही. आता कधीमधी चर्चमधली चार पोरं-पोरी यायची, मी जायचो, डेव्हिड आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसायचा. बाई आधी पुकारत, "इस्माईल." मग एखादा श्वास थांबत. मग म्हणत, "गैरहजर." त्यात राग नसे, शाळेतल्यासारखी नुसती नोंद. मग "डेव्हिड," आणि आतून नाइलाजाने "हजर". मग मी.

इस्माईल वडिलांच्या बँडचे पैसे ठेवायला आमच्या पतपेढीत येई. जानेवारीत एकदा त्याची स्लिप तपासता तपासता मी त्याला हे सांगितलं. दुसरं काही बोललो नाही. तो बराच वेळ खिडकीत तसाच उभा राहिला. मागची माणसं कुरकुर करायला लागली.

"अजून घेत्यात?"

"दर रविवारी."

"पयलं माझं?"

"पहिलं तुझं. वर्णमालेत इ आधी येतो."

तो गेला, आणि पुढच्या रविवारी दारात आला. बाई पेटीवरचं झाकण काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. नेहमीसारखं पुकारलं, "इस्माईल."

"हजर हाय, बाई."

"उशीर झाला. चपला बाहेर काढ." आणि लगेच, "डेव्हिड."

या वेळी डेव्हिड स्वतःच बाहेर आला, गिटारीची खोळ हातात घेऊन, आणि भिंतीकडे बघत हजर म्हणाला.

हजेरी संपल्यावर बाईंनी ट्रंकेतून रुमालात बांधलेल्या नोटा काढून पायपेटीवर ठेवल्या. मला मोजायला लावल्या. नऊशे भरल्या. त्या कशासाठी साठवल्या होत्या हे आम्हा तिघांना माहीत होतं. बाईंना मूलबाळ नव्हतं, आणि डेव्हिडवर भार टाकायचा नव्हता. आपल्या पश्चात आपल्या कबरीवर दगड कोण बसवणार, म्हणून त्यांनी पगारातून, मग पेन्शनमधून, त्यासाठी पैसे बाजूला ठेवले होते. चर्चच्या ट्रस्टींनाही त्यांनी तसं सांगून ठेवलं होतं. डेव्हिड म्हणाला, आत्या, हे नको. त्यावर त्या म्हणाल्या, "दगडाची मला घाई नाही. तुमची आहे. डेव्हिड तिशीला आला. इस्माईल वरातींपुढे तीच ती गाणी वाजवतोय. अजून दोन वर्षं गेली तर हे दोघं एकमेकांना विसरतील आणि वर सुखी आहोत म्हणतील." मग माझ्याकडे वळून, "मधुकर, स्टुडिओचा भाव विचारून घे."

भाव मी पत्राने विचारला. मुंबईतली एक लहानशी कंपनी होती. स्टुडिओचा खर्च आपण दिला तर रेकॉर्ड काढायला तयार होती. बाईंनी दोन अटी सांगितल्या. गाणं मराठी असेल, आणि लेबलवर सगळ्यांची नावं असतील, हजेरीच्या क्रमाने. डेव्हिडने तोंड उघडलं तशा म्हणाल्या, "वर्णमाला मी केलेली नाही."

गाणं डेव्हिडने लिहिलं, पंधरा दिवस खपून. कंदिलावरचं होतं. "काच पूस गं कंदिलाची, वाट अजून बाकी", असं त्याचं ध्रुवपद. बाईंनी दुसरं कडवं पूर्ण खोडलं आणि म्हणाल्या, पहिल्यात जे सांगितलंस ते पुन्हा कशाला? तालमी सुरू झाल्या. दोघं वाजवत होते, पण बोलणं सगळं बाईंच्या मार्फत. "बाई, त्याला सांगा, कडव्यानंतर थांबायचंय." "बाई, त्याला म्हनावं मला ठावं हाय." बाई मान हलवून निरोप पलीकडे देत, दोघं हातभर अंतरावर बसलेले असताना. वाजवणं मात्र छान जमत होतं. इतकं, की मला मुंबईची भीती वाटू लागली. १९६९ लाही तालमीत असंच जमत होतं.

या वेळी फरक एवढाच, की गाण्याची सुरुवात पायपेटीने होती. म्हणून बाई आणि पेटी दोघीही मुंबईला निघाल्या. श्रीगोंद्याचा एक ओळखीचा ट्रकवाला लिंबं घेऊन मुंबईला जायचा. त्याने पेटीला एका बाजूने हात लावला आणि म्हणाला, "लई जड हाय, बाई. आत काय देव बसिवला का काय?" बाई म्हणाल्या, "नाही, भाता आहे. देवाला एवढा वारा लागत नाही." बाई पुढे ड्रायव्हरशेजारी, आम्ही तिघं मागे लिंबांच्या पोत्यांवर. माळशेज घाट उतरेपर्यंत डेव्हिड आणि इस्माईल पेटीला दोन बाजूंनी धरून बसले होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. पुढे कित्येक महिने त्या पेटीला लिंबांचा वास येत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओ. रेकॉर्डिंग करणारे एक वयस्क पारशी होते, सोलीकाका. काचेमागे बसत. आम्हाला चार तास मिळाले होते आणि बाईंच्या नऊशेतला मोठा भाग त्या चार तासांचा होता. पहिल्यांदा वाजवून बघितलं. माझ्या मते उत्तम झालं. सोलीकाका काचेमागून बाहेर आले.

"बाई, ते कुंई-कुंई कोन करते?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कसली कुंई-कुंई? इस्माईल म्हणाला, काही न्हाई. मी म्हणालो, मलाही ऐकू आलं नाही. सोलीकाकांनी पुन्हा वाजवायला सांगितलं, खाली वाकले, आणि पेटीच्या उजव्या पायाखालच्या फळीकडे बोट दाखवलं. बाईंचा उजवा पाय खाली गेला की ती फळी करकरत होती. प्रत्येक दाबाला एकदा. डावी गप्प होती. आम्ही वर्षानुवर्षं तो आवाज ऐकत आलो होतो, त्यामुळे आमच्या कानांना तो आवाज उरलाच नव्हता.

त्यात काय, तेल घालू, असं ते म्हणाले. शिपायाने शिवणयंत्राचं तेल आणलं. दोन थेंब घातले. करकर थांबली. आणि गाणं मोडलं.

कसं मोडलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. बाईंची सुरुवात झाली, इस्माईलने ड्रमवर ठेका धरायला हवा होता, तो जरा उशिरा आला. डेव्हिड लवकर आला. पुन्हा. या वेळी उलटं झालं. कडव्यात गाणं पळालं, ध्रुवपदाला रखडलं, अगदी त्या पहिल्या रेकॉर्डसारखं. पुन्हा. पुन्हा. काचेमागून घड्याळाकडे बोट होऊ लागलं. डेव्हिडचा चेहरा तांबडा झाला. "बाई, त्याला सांगा—" म्हणून तो थांबला. इस्माईलने काठ्या मांडीवर ठेवल्या. हे दोघं आता उठले तर पुन्हा कधीच बसणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि बाईंच्या दगडाचे पैसे तर जवळजवळ संपले होते.

बाईंनी पेटीवरचे हात काढले. थोडा वेळ पायांकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "इस्माईल, तू ताल कुठून धरतोस?"

तो ओशाळला. "तुमच्या पायाच्या आवाजावरनं, बाई."

"कधीपासून?"

"लहानपनापासनं. कळत बी नव्हतं मला. आत्ता गेला तवा कळलं."

"आणि डेव्हिड, तू?"

डेव्हिड इस्माईलकडे बघत होता. मग सरळ त्यालाच म्हणाला, "मीही तिथूनच."

मीही तिथूनच धरत होतो, पण मला कोणी विचारलं नाही.

"म्हंजी त्या टायमाला," इस्माईल सावकाश म्हणाला, "बाई संगं नव्हत्या."

"नव्हत्या. मला वाटलं तू मागे राहतोस."

"मला वाटलं तू पळतोस."

"आणि वर मी तुला ताल येत नाही म्हणालो."

"म्हनालास खरा. मी बी लेबलाचं धरून बसलो. खरं तर त्याआदीच डोकं फिरलं हुतं."

दोन वर्षांतलं त्यांचं हे पहिलं बोलणं, आणि ते बाईंच्या मार्फत नव्हतं. बाई मध्ये पडल्या नाहीत. त्यांनी पर्स उघडली. निवृत्त होऊनही त्यांच्या पर्समध्ये खडूचे तुकडे असत, का ते मी कधी विचारलं नाही. एक तुकडा त्यांनी इस्माईलच्या हातात दिला. "कुट हा. आणि डेव्हिड, रुमालाने ते तेल पुसून काढ, आतपर्यंत."

सोलीकाका काचेमागून बघत होते. एकाने तेल पुसलं, दुसऱ्याने खडूची पूड फळीच्या सांध्यात भरली. बाईंनी पाय दाबून पाहिला. काही नाही. अजून पूड. मग बारीक, नाराज अशी करकर आली. आम्ही तिघंही हसलो, मोठ्याने. सोलीकाकांनी डोक्याला हात लावला, पण स्वतः एक मायक्रोफोन आणून पेटीच्या पायापाशी ठेवला. "आता असेल तर नीट असू दे," म्हणाले. त्यांचे आभार मानायला हवेत. त्या दिवशी ते आमच्यावर रागावू शकले असते.

पुढच्या खेपेला गाणं झालं. बाईंनी शेवटचा सूर सोडला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आज मधुकर ऐकू आला." मला आयुष्यात पतपेढीकडून, सरकारकडून, नातेवाइकांकडून जी काही शाबासकी मिळाली असेल, ती या चार शब्दांपुढे मी धरत नाही.

रेकॉर्ड जूनमध्ये आली. लेबलवर लँटर्न्स, आणि खाली बारीक अक्षरांत इस्माईल, डेव्हिड, मधुकर, रूथ. बाईंचं नाव शेवटी, वर्णमालेप्रमाणे. ती फार खपली असं मी म्हणणार नाही. नगरला माळीवाड्याच्या स्टँडजवळच्या एका हॉटेलात दिवसभर लागायची. ते साल पाण्याचं वाईट होतं, कार्यक्रम बंद होते, आणि लोकांकडे रेकॉर्डवर घालायला पैसे नव्हते. पण नाताळात बाईंची एक जुनी विद्यार्थिनी राजूरहून आली, लहानपणी चर्चच्या गाण्याच्या वर्गात याच पेटीपाशी हजेरी देणारी. तिकडे ती शिक्षिका होती. बाजाराच्या दिवशी एका दुकानात ते गाणं लागलं होतं. ती कांदे घेत होती. गाण्याआधी नुसती ती करकर ऐकू आली आणि तिचे हात थांबले. ती म्हणाली, "बाई, मला एकदम वाटलं, आता माझं नाव येणार." बाईंनी तिला बसायला सांगितलं आणि चहा टाकायला आत गेल्या. त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्यांनी आमच्यासाठी काय केलं हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर लँटर्न्सने दुसरी रेकॉर्ड काढली नाही. पण डेव्हिड पुन्हा गाऊ लागला, इस्माईल दर रविवारी पहिला हजर म्हणू लागला, आणि माझ्या लग्नात दोघं वरातीपुढे एकत्र वाजवत होते. माझे वडील म्हणाले, "आता गोंधूळ बरा वाटतोय."

कंपनीकडून दोन हप्त्यांत तीनशे अठरा रुपये आले. बाईंनी हात लावला नाही. "ते माझे नाहीत, हजेरीवरच्या सगळ्यांचे आहेत," म्हणाल्या. मी ते चौघांच्या नावे पतपेढीत ठेवले. १९७४ च्या पावसाळ्यात, चार दिवसांच्या तापाने, बाई गेल्या. शेवटच्या रविवारी त्यांनी खाटेवरूनच नावं पुकारली होती. आम्ही तिघं हजर होतो.

दगड घ्यायचा ठरला तेव्हा डेव्हिडच्या मनात बायबलातलं एक वचन कोरायचं होतं, चांगलं दोन ओळींचं. त्याने ते लिहून आणलं होतं. पाथरवटाने अक्षरांचा दर सांगितला. अक्षराला दीड रुपया. डेव्हिड कागद धरून उभा राहिला आणि त्याने तो इस्माईलला दिला. इस्माईलने वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "हे समदं बाईंस्नी पाठ हुतं. त्यांना पुन्हा कशाला सांगायचं? नाव घाल, आन् खाली हजर घाल." मान हलवून डेव्हिडने कागद परत घेतला आणि खिशात ठेवला.

पतपेढीत व्याज धरून तीनशे एकेचाळीस रुपये झाले होते. दगड, घडाई, बसवणी आणि अक्षरं यांपोटी पाथरवटाला ते तीनशे एकेचाळीस रोख दिले. वरचे नऊ रुपये तिघांनी सारखे घातले. एकूण तीनशे पन्नास. त्यात 'हजर' या अक्षरांचे साडेचार रुपये धरले आहेत.